सोळाशे मीटरवरची टाकी

तायडेकाका कोणत्याही प्रश्नाचं उत्तर देण्याआधी खिडकीबाहेर बघत. "चहा घेणार का?" असं विचारलं तरी त्यांची नजर आधी बाहेर लांब कुठेतरी जाऊन येई आणि मग "घेऊ" असं उत्तर मिळे. आमच्या सोसायटीत नव्याने येणाऱ्याला वाटे, माणूस शिष्ट तरी आहे किंवा त्याला ऐकायला तरी कमी येतं. लग्न होऊन मी अंधेरीला आले तेव्हा पहिले सहा महिने मलाही तसंच वाटलं होतं. नंतर कळलं, ती नोकरीची सवय होती. चौतीस वर्षं या माणसाला लांब बघण्याचाच पगार मिळत होता.

काका हवामान निरीक्षक होते. विमानतळ म्हटलं की लोकांना काचेचे दरवाजे आणि सामानाच्या गाड्या आठवतात. काकांचा विमानतळ तो नव्हे. उपनगरात इमारतींच्या गराड्यात एक छोटी धावपट्टी आहे. तिथे हेलिकॉप्टरं आणि पैसेवाल्यांची खाजगी चिमुकली विमानं उतरतात. तिथल्या हवामान कचेरीत वारा, तापमान, हवेचा दाब मोजायला यंत्रं होती, पण किती लांबपर्यंत दिसतंय हे सांगायला यंत्र नव्हतं. त्यासाठी काका होते. कचेरीबाहेर सिमेंटचा एक चौथरा होता. दर अर्ध्या तासाने त्यावर उभं राहायचं आणि ठरलेल्या खुणा दिसतात का ते बघायचं. अग्निशमन केंद्राचा लाल दरवाजा तीनशे मीटर. पर्जन्यवृक्ष सातशे. जुन्या वसाहतीची पाण्याची टाकी सोळाशे. त्यापलीकडे दोन जुळ्या इमारती, मग पवईची टेकडी, आणि हवा अगदीच स्वच्छ असली तर मुलुंडमागचा डोंगर. जी शेवटची खूण दिसेल तिचं अंतर वहीत लिहायचं आणि फोनवर नियंत्रण कक्षाला सांगायचं. दीड किलोमीटरपर्यंत दिसत नसेल तर छोट्या विमानाला उतरू देत नसत. त्यामुळे सगळी मदार टाकीवर. टाकी दिसली तर या खाली, नाही दिसली तर दुसरीकडे जा.

सुट्टीच्या दिवशीही काकांना चैन पडत नसे. पहाटे उठून ते आमच्या गच्चीवर जात. मी तिथे चालायला जायचे, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पाय ओढत फिरायचे. ते कठड्याशी पूर्वेकडे तोंड करून उभे असत. हिवाळ्यात त्या वेळी खाली रस्ता नसतो, दुकानं नसतात, नुसतं दुधाळ धुरकं. त्यातून आधी समोरच्या इमारतीची गच्ची वर येते, मग एखादा मोबाइलचा मनोरा, मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग कधीतरी पवईची टेकडी खालून सुटलेली, अधांतरी तरंगताना दिसते. मी इतकी वर्षं इथे राहून हे कधी पाहिलं नव्हतं. काकांच्या शेजारी उभी राहिले की माझ्या फेऱ्या बुडत आणि मला त्याचं काही वाटत नसे.

त्यांची मुलगी भांडुपला दिली होती. गच्चीवरून तिला ते फोन करत. "आज तुझं भांडुप नाहीये गं," असं गंभीरपणे सांगत. पलीकडून ती म्हणे, "बाबा, मी इथेच आहे, पोळ्या लाटतेय." त्यावर काका म्हणत, "असशील. मला दिसत नाही, एवढंच मी म्हटलं."

हा फरक त्यांच्या दृष्टीने फार मोठा होता. "वाटतं" हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. एकदा सोसायटीच्या सभेत चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी खालच्यांच्या वाळवणावर गालिचा झटकला म्हणून रण माजलं. काका त्या वेळी गच्चीवर होते, हे सगळ्यांना माहीत होतं. सेक्रेटरींनी त्यांना उभं केलं. काकांनी सवयीप्रमाणे आधी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "गालिचा दिसला. धूळ दिसली. हात दिसला नाही." सेक्रेटरी वैतागले. "अहो तायडे, गालिचा काय स्वतःहून झटकला गेला?" काका म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. मी दिसलं ते सांगितलं." दोन्ही पक्ष त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. विमलकाकू, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाली, "तीस वर्षं हेच ऐकतेय बघ. मी रडत असले तरी म्हणतात, डोळ्यांत पाणी दिसतंय. का रडतेस, ते मीच सांगायचं."

माझं स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी चालवते. काका दर सहा महिन्यांनी डोळे तपासायला येत आणि साठीला टेकलेला माणूस शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवी. वाचून झालं की माझ्याकडे असं बघत की जसं काही ती अक्षरं त्यांनीच लिहिली आहेत. मी म्हणायचे, "काका, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असली तर मला दुकान बंद करून पोळीभाजी केंद्र काढावं लागेल." त्यावर ते खूश होत. गर्व म्हणावा असा तो त्यांच्याकडे एकच होता.

मला त्यांनी बघायला शिकवलं. "आधी जवळचं बघ, मग लांबचं. उलटं केलंस की लांबचं दिसावं असा हट्ट सुरू होतो, आणि मग मन मध्ये घुसतं." दुसरं म्हणजे नाही दिसलं तर नाही म्हणायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फोनवर वरचे साहेब असोत, विमानात मंत्री असोत, टाकी नाही दिसली तर नाही. दोनचार वेळा त्यावरून त्यांना बोलणीही बसली होती. ती हकीकत ते अगदी मजेत सांगत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काका दरवर्षी चार दिवस रजा काढत. दादरला अभिवादनासाठी गावाकडून, अकोल्याकडून, त्यांची नातेवाईक मंडळी येत. दोन खोल्यांच्या घरात पंधरा माणसं झोपत, काकू मोठ्या पातेल्यात पिठलं रटरटवत ठेवी, आणि काका दिवसभर दादरच्या मंडपात पाणी वाटायला उभे असत. नोकरीतल्या शेवटच्या डिसेंबरातही त्यांनी तशीच रजा घेतली. जानेवारीअखेर ते निवृत्त व्हायचे होते. पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते कामावर हजर झाले.

त्या सकाळी साडेसातच्या सुमाराला एक छोटं विमान उतरायला आलं. आत वैमानिक आणि तीन प्रवासी. धुरक्यात पट्टी त्याला उशिरा दिसली, तो उंचावरून आला, चाकं अर्ध्याहून अधिक पट्टी मागे टाकून टेकली. ब्रेक लागले, पण पट्टी संपली तरी विमान थांबेना. ते पुढच्या गवतात घुसलं आणि कुंपणाच्या अलीकडच्या चरात नाक खुपसून उभं राहिलं. जीव कुणाचा गेला नाही. वैमानिकाच्या कपाळाला टाके पडले आणि प्रवाशांपैकी एका बाईंचा हात मोडला. दुकानातल्या टीव्हीवर मी ते विमान पाहिलं. शेपूट वर करून चिखलात काहीतरी शोधत असल्यासारखं दिसत होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "वाट लागली बिचाऱ्याची." मी हो म्हटलं आणि काकांचा विचारही माझ्या मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच काका आले. नेहमीसारखे दारात थबकले नाहीत, सरळ खुर्चीत बसले. म्हणाले, "डोळे तपास."

"काका, ऑक्टोबरात तर तपासले."

"परत तपास. नीट तपास गं, अनघा."

मी तपासले. अक्षरांचा तक्ता, मग यंत्रावर, मग एकेका डोळ्यावर पट्टी ठेवून. शेवटची ओळ त्यांनी वाचली, पण या वेळी अडखळत, जणू एखादं अक्षर चुकावं अशी वाट बघत. एकही चुकलं नाही. मी म्हणाले, "काही झालेलं नाही. अगदी झकास आहेत."

काकांनी तक्त्याकडे पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "काहीतरी निघायला हवं होतं."

आणि मग त्यांनी सांगितलं. ते रजेवर असताना ती टाकी पाडली होती. वसाहतीचा पुनर्विकास निघाला होता. चार दिवसांत टाकी गेली, तिच्या जागी एक क्रेन उभी राहिली, आणि हवामान कचेरी ज्या टाकीवर विसंबून होती ती गेली, हे बाहेरून कुणी कळवलं नाही आणि काकांच्या जागी कामावर असलेल्यांनीही कुठे लिहून ठेवलं नाही. रजेवरून आल्यावर पहिल्याच सकाळी काका चौथऱ्यावर उभे राहिले. लाल दरवाजा दिसला. झाड दिसलं. मग टाकी दिसली. त्यांनी वहीत लिहिलं, टाकी, सोळाशे. फोन केला. विमान उतरलं. नऊ वाजता ऊन आलं, धुरकं विरलं, आणि काकांनी पुन्हा पाहिलं तर तिथे टाकी नव्हती.

"मला दिसली गं," ते म्हणाले. "खालचे खांब, वरचा गोल, बाजूची शिडी, सगळं दिसलं. असं नाही की मी न बघता लिहिलं. मी बघितलं. नसलेली टाकी मी बघितली."

मी दुकानदार बाई. माझ्याकडे जवळच्या नंबराचा इलाज आहे, लांबच्या नंबराचा आहे. चौतीस वर्षं रोज एकच वस्तू पाहून ती डोळ्यांतच जाऊन बसली, तर त्यावर काय लिहून द्यायचं ते मला माहीत नव्हतं. मी शेजारच्याकडून चहा मागवला. काकांनी तो घेतला नाही.

चौकशी गुरुवारी होती. काकांना नसलेली टाकी दिसली, ही गोष्ट कचेरीत अजून फक्त एका सहकाऱ्याला, शिंद्यांना, माहीत होती. शिंदे रविवारी घरी आले तेव्हा मी काकूंकडे मेथी निवडत बसले होते. ते आवाज खाली करून म्हणाले, "तायडेसाहेब, ऐका माझं. क्रेन तिथेच उभी आहे, टाकीच्याच जागेवर. अंतर तेवढंच. क्रेन दिसली म्हणा, सवयीने टाकी लिहिलं म्हणा. विषय संपला. आणि खरंच क्रेनच दिसली असेल तुम्हाला, काय सांगावं?"

काका खिडकीबाहेर बघत होते. "असेलही," ते म्हणाले. "पण मला क्रेन दिसली नाही. मला टाकी दिसली."

"दीड महिना राहिलाय तुमचा. चौतीस वर्षांत एक शेरा नाही. कशाला हौस?"

"वैमानिकाला मी हो म्हटलं म्हणून तो खाली आला ना? नाही म्हटलं असतं तर आला नसता."

काकू मेथी निवडता निवडता थांबली होती. तिला वाटत होतं, यांनी क्रेन म्हणावं. ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. एका शब्दाने कुणाचा मोडलेला हात परत सांधला जाणार नव्हता. शिंदे गेल्यावर काकू एवढंच म्हणाली, "गुरुवारी पांढरा शर्ट घाला, इस्त्री करून ठेवते."

गुरुवारी काकांनी जसं झालं तसं सांगितलं. अहवाल पुढे आला त्यात वैमानिकाचा वेग जास्त होता, विमान उशिरा टेकलं, अशी कारणं मुख्य होती. टाकी गेल्याचं का कळवलं नाही म्हणून इतरही दोघातिघांना विचारणा झाली. काकांवर ठपका असा फारसा आला नाही. फक्त हुकूम निघाला की यापुढे त्यांच्या प्रत्येक नोंदीवर दुसऱ्या निरीक्षकाची सही हवी. ही दुसरी निरीक्षक म्हणजे श्वेता. सव्वीस वर्षांची, नोकरीला दोन वर्षं झालेली, आणि जे काही येत होतं ते काकांनीच शिकवलेली. पहिल्या दिवशी सही करताना ती रडली म्हणे. काकांनी तिला पेन दिलं आणि म्हणाले, "रडू नकोस, अक्षर खराब येतं."

हुकमाचं त्यांना वाईट वाटलं नाही. वाईट निराळंच झालं होतं. काका आता "दिसलं" म्हणेनासे झाले. टाकीऐवजी तेवढ्याच अंतरावरची एका शाळेची निळी भिंत ही नवी खूण ठरली होती. श्वेताला ती स्पष्ट दिसे, काका म्हणत, "थांब, अजून नाही." विमानं वर घिरट्या घालत, कंटाळून दुसरीकडे जात, आणि काका अर्ध्या तासाने पुन्हा तेच म्हणत. वरून फोन यायला लागले. पूर्वी नाही म्हणण्याबद्दल बोलणी बसत तेव्हा काकांचं नाही खरं असे. आता ते घाबरून येतं, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. घरीही तसंच. मिठाचा डबा समोर असून सापडत नसे. काकू म्हणे, "अहो, हा काय!" मग ते डब्याला आधी हात लावून बघत आणि मग उचलत.

गच्चीवर येणं त्यांनी सोडलं नव्हतं. जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही दोघं कठड्याशी उभे होतो. पवईची टेकडी धुरक्यातून अर्धी सुटली होती, वरचा भाग गुलाबी आणि खालचा नाहीच. मी मुद्दाम विचारलं, "काका, दिसतेय का?"

ते टेकडीकडेच बघत म्हणाले, "अनघा, तुला सांगतो, नोकरी संपतेय याचं मला काही नाही. पण जायच्या आधी एकदा तरी मनापासून दिसलं म्हणायचंय. नाही तर मग घरी बसून मी काय बघणार? हिचं तोंड तरी खरं धरू का नको?"

मला तेव्हा त्यांच्या दंडाला धरून सांगावंसं वाटलं की टेकडी आहे, काकू आहे, मी आहे, सगळं आहे. पण मी सांगून ते होणार नव्हतं. मी त्यांच्यासोबत नुसती उभी राहिले.

निरोपाचा दिवस आला. समारंभ साडेदहाला होता, पण काकूने मला आठलाच उठवून रिक्षात घातलं. चौतीस वर्षांत तिने नवऱ्याची कचेरी पाहिली नव्हती. दाराशी सांगून ठेवलेलं होतं, आम्हाला आत सोडलं. केवढीशी खोली. भिंतीवर खुणांचा तक्ता, टेबलावर शाल, नारळ आणि समोशांची पिशवी. काकू तक्ता वाचत राहिली. बाहेर चौथऱ्यावर काका उभे होते आणि त्यांच्या मागे वही घेऊन श्वेता. जानेवारीतली जड सकाळ होती. पट्टी थोडी दिसे, मग तीही पांढऱ्यात शिरे. वर कुठेतरी एका विमानाचा आवाज गोल गोल फिरत होता.

फोन वाजला. श्वेताने घेतला आणि फोनवर हात धरून म्हणाली, "सर, विचारतायत. इंधन आहे अजून, पण थांबू का जाऊ, म्हणतायत."

काका म्हणाले, "तू आधी काही बोलू नकोस."

मी आणि काकू दारात उभ्या होतो. काकांनी कपाळावर हात धरला नाही, डोळे बारीक केले नाहीत. आधी ते जवळ बघत राहिले. लाल दरवाजा, मग झाड. झाडाशी फार वेळ थांबले. आवाज एक गोल फिरून आला, दुसरा फिरून आला. श्वेता ओठ दाबून होती. काकूने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती. मी निळी भिंत शोधत नव्हते, मी काकांची पाठ बघत होते. पांढऱ्या शर्टातली ती पाठ हलत नव्हती.

मग काका म्हणाले, "दिसली."

आवाज मोठा नव्हता. "भिंत. वरची कड आणि डावीकडच्या तीन खिडक्या. चौथी नाही दिसत. सोळाशे."

श्वेताने पुढे होऊन बघितलं. "हो सर. तीनच," ती म्हणाली, आणि फोनवर आकडा सांगितला. काकांनी वही घेऊन लिहिलं, तिने खाली सही केली.

विमान पांढऱ्यातून निघालं तेव्हा अगदीच लहान दिसलं. पट्टीच्या सुरुवातीलाच चाकं टेकली. ते धावलं, मंदावलं, अर्ध्या पट्टीवर जवळजवळ थांबलं आणि सावकाश वळलं. काकूने माझा हात सोडला. समारंभाला जमलेले लोक आतून बोलावू लागले, "तायडेसाहेब, चला, साहेब आलेत." काका हलले नाहीत. विमान जागेवर जाऊन उभं राहिलं, पंखा फिरायचा थांबला, दार उघडलं आणि एकेक माणूस पायऱ्यांवरून खाली उतरू लागला. काका ओठांतल्या ओठांत मोजत होते. चौघं उतरले. कुणीतरी जांभई दिली, कुणी फोन काढला, आणि ते चौघं आमच्याकडे एकदाही न बघता गाडीत बसून निघून गेले.

काका वळले तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. काकू पुढे झाली. ते तिच्याकडे नीट बघत राहिले, जवळून, बराच वेळ.

"दमलीस," ते म्हणाले. "चल, आत बस."